चाळीस हजारांचा एअर प्युरिफायर घेण्याआधी मोजपट्टी हातात घ्या

दोन वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत आमच्या भावजींनी अडतीस हजारांचा एअर प्युरिफायर आणला. मनोऱ्यासारखा उभा, चकचकीत, मोबाइलवरून चालणारा. फेब्रुवारीत ताईचा फोन आला, "अरे, काही उपयोग नाही रे याचा, आईंचा खोकला तसाच आहे." मी गेलो, मागचं झाकण काढलं, तर फिल्टर अजून प्लास्टिकच्या पिशवीत. चार महिने ते यंत्र पिशवीवर हवा आपटत होतं आणि समोरचा दिवा इमानेइतबारे हिरवा दाखवत होता. भावजींनी पिशवी काढली, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाले, "बरं झालं, कोरा फिल्टर मिळाला."

तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, महागडा घेऊ की साधा? माझं मत झालंय ते असं: प्युरिफायर म्हणजे एक पंखा आणि एक फिल्टर. पंखा किती हवा ओढतो, फिल्टर किती गाळतो आणि हे होताना आवाज किती होतो, एवढ्याच तीन गोष्टींचे पैसे द्यायचे. बाकी सगळी सजावट. ती आवडली तर जरूर घ्या, पण हवेच्या नावाखाली घेऊ नका.

आधी ठरवा, घ्यायचाच आहे का

फोनवरच्या ॲपमध्ये एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा निर्देशांक, बघून घाबरण्यात अर्थ नाही, कारण सगळी ॲप एकाच पट्टीने मोजत नाहीत. अमेरिकी पट्टी वापरणारं ॲप त्याच हवेला भारतीय पट्टीपेक्षा वेगळाच आकडा देतं. म्हणून एक्यूआय सोडा आणि पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण, घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम आहेत ते बघा. केंद्रीय प्रदूषण मंडळाचं 'समीर' ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेची 'सफर' सेवा आहे. आपल्या घराजवळचं केंद्र निवडा, आकडा मायक्रोग्रॅममध्येच आहे ना ते बघा आणि एक आठवडा रोज सकाळी, दुपारी, रात्री आकडा लिहून ठेवा.

आता हा आकडा कशाशी ताडायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांच्या सरासरीसाठी १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगितली. आपल्याकडचं २००९ चं राष्ट्रीय मानक ६० चं आहे. म्हणजे भारतीय पट्टीवर हवा 'मध्यम' दिसते तेव्हा पीएम २.५ साधारण ६१ ते ९० असू शकतं, जागतिक मर्यादेच्या चार ते सहा पट. 'मध्यम' हा शब्द जरा जास्तच समजूतदार आहे.

मुंबई-ठाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस. वारा मंदावतो, सकाळी थंड हवेचा थर खाली दबून राहतो, आणि त्यात बांधकामांची धूळ. ती इतकी वाढली की ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेला बांधकामांसाठी नियमावली काढावी लागली. जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो, तेव्हा यंत्र कोपऱ्यात उभं राहिलं तरी चालतं. चंद्रपूरसारख्या वीजकेंद्र आणि कोळशाच्या गावात हिशोब वेगळा, गरज जास्त महिने. आणि रत्नागिरी-सावंतवाडीकडे, जिथे खिडक्या दिवसभर सताड उघड्या असतात, तिथे प्युरिफायर म्हणजे ओटीवर एसी लावण्यासारखं आहे.

घरात दम्याचा माणूस, लहान मूल, हृदयाचा त्रास असलेलं वडीलधारं कुणी असेल, किंवा खिडकीखाली मोठा रस्ता नाहीतर बांधकाम असेल, तर यंत्राचा विचार करा. यातलं काहीच नसेल आणि आठवडाभराचा आकडा तिशीच्या आत असेल, तर पैसे बँकेत राहू द्या.

मग घरातला धूर थांबवा

ही पायरी फुकटची आहे, म्हणून सगळे ती गाळतात.

मी तीन हजारांचा एक छोटा पीएम मीटर घेतला होता. रविवारी सकाळी हॉलमध्ये ४० च्या आसपास दाखवत होता. स्वयंपाकघरात कढई तापली, मोहरी तडतडली, सुकी मिरची पडली आणि बघता बघता आकडा तीनशेच्या वर. बाहेर ठाण्याच्या घोडबंदर रोडवर डंपर धावत होते, तरी त्या घटकेला आमच्या घरापेक्षा रस्ता बरा होता. एक्झॉस्ट फॅन फोडणी द्यायच्या आधी पाच मिनिटं लावला आणि नंतर पंधरा मिनिटं चालू ठेवला, तर हॉलपर्यंत निम्मादेखील धूर येत नाही. चिमणी असेल तर तिचा पाइप बाहेर सोडलाय का ते बघा. पाइप नसलेली चिमणी तेल अडवते आणि उरलेली हवा परत तुमच्याच तोंडावर सोडते.

दुसरी गोष्ट डासांची कॉइल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असं मोजलं गेलं. खोलीत एकीकडे कॉइल आणि दुसरीकडे प्युरिफायर म्हणजे एका हाताने विहिरीत पाणी ओतायचं आणि दुसऱ्याने उपसायचं. मच्छरदाणी लावा. उदबत्ती, धूप यांच्याबद्दल मी घरात बोलायला धजावत नाही. आईने आता उदबत्ती गॅलरीत लावायला सुरुवात केली आहे, ती मीटरचा आकडा स्वतः बघून. माझं ऐकून नव्हे.

केर काढण्याआधी ओलं फडकं फिरवा. सुक्या झाडूने खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते आणि मग ती तासभर तरंगते.

कुंड्यांनी हवा शुद्ध होते हा समज १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून पसरला. तो प्रयोग छोट्या बंद पेटीत झाला होता. घरात तेवढा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील, असं २०१९ च्या एका पुनरावलोकनात निघालं. मनी प्लांट सुंदर दिसतो, ठेवा.

मोजपट्टी

खोक्यावर लिहिलेलं असतं, '५०० चौरस फुटांसाठी योग्य'. त्याकडे बघू नका. खोक्याच्या बाजूला किंवा माहितीपत्रकात सीएडीआर नावाचा आकडा शोधा. ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा यंत्र देतं, तो हा आकडा. तो कुठेच लिहिलेला नसेल तर दुकानातून बाहेर पडा, मग यंत्र पाच हजारांचं असो की पन्नास हजारांचं.

आता खोली मोजा. समजा बेडरूम १० बाय १२, छत साडेनऊ फूट. गुणाकार ११४० घनफूट. ३५ ने भागा, साधारण ३२ घनमीटर. दम्याच्या माणसासाठी तासाला खोलीतली हवा पाच वेळा गाळली जावी असं धरतात. ३२ गुणिले पाच, म्हणजे १६० सीएडीआर. घाईत असाल तर चौरस फुटांना १.३५ ने गुणा, जवळपास तेच उत्तर येतं.

पाचशे फुटांचा दावा कसा बनतो तेही बघा. समजा यंत्राचा सीएडीआर २५० आहे. ५०० चौरस फूट आणि साडेनऊ फूट छत म्हणजे सुमारे १३५ घनमीटर. तासाला हवा दोनदासुद्धा पूर्ण गाळली जात नाही. दावा खोटा म्हणता येणार नाही, पण कामाचाही नाही.

हॉलला जोडून उघडं स्वयंपाकघर असेल तर दोन्हींचं माप एकत्र घ्या. बहुतेकांचा हिशोब इथेच कोसळतो. ११ बाय १८ चा हॉल आणि ओटा मिळून तीनशे चौरस फुटांपर्यंत जातं, त्याला चारशेचा सीएडीआर हवा. त्यापेक्षा मी म्हणेन, हॉलचा नाद सोडा. रात्रीचे आठ तास आपण दार लावून एका खोलीत झोपतो. तीच खोली नीट करा.

रात्री किती आवाज सहन होतो

सीएडीआरचा आकडा पंख्याच्या सर्वात वरच्या वेगावरचा असतो. त्या वेगाला बरीच यंत्रं ५५ ते ६५ डेसिबल आवाज करतात. जुन्या मिक्सरइतका नाही, पण झोप उडवायला पुरेसा. मग माणूस काय करतो? 'स्लीप' बटण दाबतो. त्या वेगाला सीएडीआर अनेकदा तिसऱ्या हिश्शावर येतो, म्हणजे १६० चं यंत्र पन्नासवर. पैसे गेले, हवा तशीच.

म्हणून लागतो त्याच्या दीड ते दोन पट सीएडीआरचं यंत्र घ्या आणि ते मधल्या वेगावर चालवा. १० बाय १२ च्या खोलीला अडीचशे-तीनशेचं. मोठा पंखा सावकाश फिरतो, लहान पंखा ओरडत फिरतो. दुकानात यंत्र मधल्या वेगावर लावायला सांगा आणि शेजारी उभं राहून विक्रेत्याशी बोला. आवाज चढवावा लागला तर ते यंत्र बेडरूमचं नव्हे.

जास्त पैसे देण्याचं खरं कारण मला इथेच दिसतं. चांगल्या महाग यंत्रात फिल्टर आकाराने मोठा असतो, मोटर शांत असते आणि फिल्टरच्या कडेला रबराची पट्टी असल्याने न गाळलेली हवा फटीतून निसटत नाही. हे तिन्ही गुण असतील तर पाच-सात हजार वर देणं वावगं नाही. पण पातळ मनोऱ्यासारखी, पंखा-कम-प्युरिफायर यंत्रं बघताना सावध राहा. त्यात जागाच कमी, त्यामुळे फिल्टर लहान. त्यांचा सीएडीआर आणि किंमत शेजारी शेजारी लिहून भागाकार करा. एक घनमीटरमागे किती रुपये पडतात ते बघून हसू येतं.

पाच वर्षांचा हिशोब

यंत्राची किंमत हा पहिला हप्ता समजा. आपल्याकडच्या धुळीत फिल्टर वर्षाला एक लागतो असं धरून चाला. पहिला यंत्राबरोबर येतो, पुढचे चार विकत.

समजा पहिलं यंत्र १०,००० चं, फिल्टर २,००० ला. पाच वर्षांत १८,०००. दुसरं ४०,००० चं, फिल्टर ५,००० ला. पाच वर्षांत ६०,०००. दोघांचा सीएडीआर सारखा असेल तर ४२,००० रुपये कशाचे, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. विजेची काळजी करू नका. ४० वॉटचं यंत्र वर्षातले दीडशे दिवस रोज दहा तास चाललं तर साठ युनिट होतात. दहा रुपये युनिट धरलं तरी वर्षाला सहाशे रुपये.

फिल्टर आज बाजारात मिळतो का, तो तुमच्याच मॉडेलचा आहे का, ते यंत्र घेण्याआधी शोधा. माझ्या एका मित्राचं यंत्र ठणठणीत आहे, पण कंपनीने ते मॉडेल बंद केलं आणि फिल्टर मिळेना. त्यावर आता मासिकं ठेवलेली असतात.

हेपा म्हणजे सूक्ष्म कण अडवणारा दाट फिल्टर. पण 'हेपा टाइप', 'हेपा लाइक' असे शब्द दिसले की थांबा. युरोपीय मानकात एच १३ म्हणजे पकडायला सर्वात अवघड आकाराचे कणसुद्धा ९९.९५ टक्के अडवणारा फिल्टर. एवढं पुरतं. एच १४ साठी जादा मोजायची गरज नाही, कारण खोलीत शेवटी महत्त्वाचं काय, तर किती हवा फिल्टरमधून गेली.

कशाचे पैसे देऊ नयेत

आयोनायझर, प्लाझ्मा, अतिनील दिवा. यंत्रातून हवा सेकंदाच्या काही अंशात निघून जाते, तेवढ्यात छोट्या दिव्याने फारसं काही मरत नाही. आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सोडणारी काही यंत्रं ओझोन वायू तयार करतात, आणि ओझोन फुप्फुसाला त्रासदायक. कॅलिफोर्नियाने घरातल्या हवाशुद्धी यंत्रांच्या ओझोनवर ०.०५० पीपीएमची मर्यादाच घातली आहे. बटण वेगळं असेल तर बंद ठेवा, नसेल तर ते यंत्र घेऊ नका.

अमेरिकेत 'शार्पर इमेज' नावाची कंपनी 'आयोनिक ब्रीझ' नावाचं बिनपंख्याचं, अजिबात आवाज न करणारं देखणं यंत्र विकायची. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकाने ते तपासून सांगितलं की यंत्र हवा जवळपास साफ करत नाही. कंपनीने २००३ मध्ये मासिकावर खटला भरला. २००४ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि उलट कंपनीलाच मासिकाच्या वकिलांच्या खर्चापोटी ५,२५,००० डॉलर द्यावे लागले. २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आवाजच नाही म्हणून लोक खूश होते. हवा हलतच नव्हती, तर आवाज कुठून येणार?

वास आणि वायूसाठी सक्रिय कोळसा लागतो, तोही वजनाने भरपूर. बऱ्याच यंत्रांत काळ्या जाळीवर चिमूटभर कोळसा शिंपडलेला असतो, तो काही आठवड्यांत भरून जातो. नव्या रंगाचा, फर्निचरचा वास असेल तर खिडकी उघडा.

मोबाइल ॲपला माझा विरोध नाही, फक्त त्यासाठी चार हजार जास्त देऊ नका. यंत्रावरचा आकडाही फार मनावर घेऊ नका. सेन्सर यंत्रातच बसवलेला असतो, म्हणजे खोलीतल्या सर्वात स्वच्छ कोपऱ्यात.

घरी आणल्यावर परीक्षा घ्या

परत करायची मुदत संपण्याआधी हे करा. पीएम मीटर नसेल तर कुणाचा तरी आणा. खोलीची दारं-खिडक्या लावा, पंखा मंद ठेवा, मीटर यंत्रापासून लांब, पलंगावर उशीच्या जागी ठेवा. सुरुवातीचा आकडा लिहा. एक उदबत्ती दोन-तीन मिनिटं जाळून विझवा, धूर खोलीभर पसरू द्या, पुन्हा आकडा लिहा. मग यंत्र पूर्ण वेगावर लावा आणि घड्याळ बघा.

तासाला पाच वेळा हवा गाळली जात असेल, तर वाढलेला आकडा आठ-नऊ मिनिटांत निम्म्यावर यायला हवा, सतरा-अठरा मिनिटांत पाव हिश्शावर. वीस मिनिटांनीही निम्मा झाला नाही, तर आधी पिशवी काढली आहे का ते बघा. काढली असेल तर यंत्र परत करा. पावसाळ्यात ही परीक्षा घेऊ नका, दमट हवेत स्वस्त मीटर फुगवून आकडे दाखवतात.

तीच परीक्षा मधल्या वेगावर पुन्हा घ्या. तुम्ही रोज वापरणार तो वेग तोच.

वापरताना काही बारीकसारीक गोष्टी. यंत्र भिंतीपासून फूटभर दूर, सोफ्यामागे किंवा पडद्याला चिकटून नको. झोपायच्या अर्धा तास आधी पूर्ण वेगावर लावा, मग मधल्यावर आणा. कार्बन डायऑक्साइड प्युरिफायर कमी करत नाही, स्प्लिट एसीही बाहेरची हवा आत घेत नाही, त्यामुळे बंद खोलीत सकाळी डोकं जड होतं. हिवाळ्यात खिडक्या पहाटे न उघडता दुपारी उघडा, तेव्हा हवा तुलनेने स्वच्छ असते. फोडणी चालू असताना हॉलमधलं यंत्र बंद ठेवा, नाहीतर फिल्टर तेलकट होतो आणि मग कायमचा वास. बाहेरची जाळी पंधरवड्याला झटका, धुतली तर पूर्ण वाळवून बसवा. हेपा फिल्टर कधीही धुवायचा नाही. आमच्या मावशींनी एकदा प्रेमाने धुऊन उन्हात वाळत घातला होता.

हाच तराजू बाकीच्या यंत्रांना

पाण्याचा प्युरिफायर घेताना आधी टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम, ते मोजा, मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा धरणांचं पाणी येतं, त्यात क्षार कमी. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ५०० पर्यंतचा टीडीएस स्वीकार्य आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये याहून कमी टीडीएसच्या ठिकाणी आरओ, म्हणजे क्षार काढणारं यंत्र, वापरू देऊ नये असं म्हटलं होतं. तुमच्याकडे ८० येत असेल तर आरओचे पंधरा-वीस हजार द्यायचे, वर बादली-बादली पाणी मोरीत सोडायचं, हे कशाला? साधा फिल्टर आणि यूव्ही, म्हणजे अतिनील दिवा, पुरतो. बोअरवेल किंवा टँकरच्या सोसायटीत गोष्ट उलटी.

एसीचा पाच तारे आणि तीन तारे हा वाद असाच मोजून मिटतो. स्टिकरवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १६०० तास धरून. तुम्ही चार महिने रोज सहा तास लावत असाल तर होतात ७२० तास, निम्म्याहूनही कमी. स्टिकरवरचा दोन मॉडेलमधला फरक त्याच प्रमाणात कमी करा, युनिटच्या दहा रुपयांनी गुणा आणि किमतीतल्या फरकाला त्याने भागा, म्हणजे जादा पैसे किती वर्षांत वसूल होतात ते कळेल. नाशिकच्या माणसाचं उत्तर आणि नागपूरच्या माणसाचं उत्तर वेगळं येईल.

खरेदीची वेळ एकच सांगतो. दिवाळीनंतर धुरकं पसरलं की सगळे एकदम दुकानात जातात आणि सूट गायब होते. मे-जूनमध्ये कुणी प्युरिफायरकडे फिरकत नाही, तेव्हा जा. त्यानंतर पावसाळ्यात तो बंद ठेवणार असाल तर फिल्टर काढून पूर्ण कोरडा करा, जाड पिशवीत हवाबंद बांधा आणि यंत्रावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा: 'फिल्टर आत नाही.' भावजींनी ड्रॉवरमधली ती जुनी पिशवी आता याच कामाला काढली आहे, आणि चिठ्ठीवर खाली ताईच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे: 'बसवताना पिशवी काढणे.'